कॅप्टनचे चार विलायती आवाज

सगळा बाजार त्यांना कॅप्टन म्हणायचा, पण बोटीचं सुकाणू त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. हातात होता तो वस्तरा. मोठ्या प्रवासी बोटीच्या खालच्या मजल्यावर फक्त दाढी करायची एक चिंचोळी खोली असायची, तिथे त्यांची उमेदीची वर्षं गेली. बोट कितीही डुलली तरी हात डुलला नाही. ते म्हणायचे, ही त्याची कृपा, आणि वर बोट दाखवायचे. रोज सकाळी वस्तरा उघडण्याआधी तो कपाळाला लावायची सवय तेव्हापासूनची.

इंग्रजी त्यांनी उचललं ते खुर्चीतल्या गिऱ्हाइकांकडून, वाक्यच्या वाक्यं, गिऱ्हाइकाच्या आवाजासकट. नोकरी संपवून त्यांनी गावात दुकान टाकलं, तेव्हा पेटीत वस्तरे होते आणि गळ्यात चार माणसं: एक स्कॉटिश इंजिनिअर, एक ऑस्ट्रेलियन मेंढ्यांचा मालक, एक अमेरिकन आजोबा आणि एक आयरिश गवई.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेजारचे शिंपी टेप गळ्यात अडकवून यायचे. "काय कॅप्टन, आज कुठला देश?"

कॅप्टन मान मागे टाकायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि ओठ न हलवता घशातून काहीतरी गडगडवायचे.

"स्कॉटिश!" शिंपी मांडीवर थाप मारून ओरडायचे.

"बरोबर मास्तर!"

बरोबर येणारच. चारही आवाज शिंप्यांना ओळखायला कॅप्टननीच शिकवले होते. पेपर काढणारे ते आणि उत्तर सांगणारेही तेच! खरा स्कॉटिश माणूस त्या बाजारात कुणी पाहिला होता? टीव्हीवर कधी एखादा दिसलाच, तर कॅप्टन हात झटकायचे. "ते नट लोक हो. त्यांचं काय खरं? मी जिवंत माणसं ऐकलीत."

त्यांची एकुलती एक लेक नर्स होऊन आयर्लंडला गेली आणि तिथल्याच एका सुताराशी तिचं जमलं. घरात चार दिवस अबोला, मग रडारड, मग होकार, असं सगळं रीतसर झालं. लेक सुताराला घेऊन आईवडिलांना भेटायला येणार असं ठरलं, आणि कॅप्टन आरशासमोर उभे राहून आयरिश गवई घासूनपुसून लख्ख करायला लागले.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, एक ऐकाल? त्याच्यापुढे आवाज नका काढू. तो साधा आहे हो, त्याला वाटेल त्याची टिंगल चाललीये."

"बरं," कॅप्टन म्हणाले आणि फोन ठेवून तसेच बसून राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"आवाज काढायचे नाहीत म्हणते."

"मग साधं बोला. कशाला हवीत सोंगं?"

"अगं, साधं इंग्रजी मला येतं कुठे? तोंड उघडलं की चौघांतला एकजण बोलतो. माझं स्वतःचं असं एक वाक्य नाही."

बायको हसणार होती, पण नवऱ्याचा चेहरा बघून थांबली. "कसंही करा, पण बोला बाई. बाप जावयाशी बोललाच नाही, तर लेक हळूहळू परकी होईल. तेवढं होऊ देऊ नका."

पाहुणा आला. दारात मान वाकवावी लागेल एवढा उंच, लालसर दाढीचे खुंट वाढलेले, पुढच्या दोन दातांमध्ये फट. आल्या आल्या त्याने स्वयंपाकघराच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी बघितली आणि खिशातल्या चाकूने स्क्रू आवळून टाकला. सासूबाई तिथेच जिंकल्या गेल्या. एकही शब्द न बोलता दोघं भाज्या निवडत बसली.

कॅप्टन मात्र खुर्चीत ताठ. पाहुण्याने हवेचं विचारलं, यांनी मान हलवली. बोटीवरच्या दिवसांचं विचारलं, यांनी पुन्हा मान हलवली. घशाशी आयरिश गवई नुसता धडका देत होता, आणि कॅप्टन त्याला पाण्याच्या घोटाबरोबर आत ढकलत होते.

सकाळी लेक दुकानात आली ती डोळे लाल करूनच. मागे दाराशी पाहुणा, टोपी हातात.

"बाबा, तो म्हणतो, तुझ्या वडिलांना मी पसंत नाही. परत जाऊ का विचारतोय."

"मी? मी कुठे काय बोललो?"

"तेच तर! काल एक शब्द नाही. काहीतरी बोला ना!"

"तूच तर म्हणालीस, बोलू नका."

"आवाज काढू नका म्हटलं होतं!"

"तेच ते गं बाई," कॅप्टन म्हणाले. हातातला टॉवेल त्यांनी घडी करून ठेवला, मोडला, पुन्हा घडी केली. मग पाहुण्याकडे वळले, मनात देवाचं नाव घेतलं, मान मागे टाकली आणि आयरिश गवयाला मोकळं सोडलं. या घरात तुझं स्वागत आहे, माझी मुलगी हट्टी आहे, पण मनाने सोनं आहे, तिला जप. सगळं त्या आवाजात.

पाहुण्याने कान देऊन ऐकलं. अर्थ पोचला असावा, कारण चेहरा उजळला. मग त्याने लेकीला अदबीने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

लेक जमिनीकडे बघत म्हणाली, "विचारतोय, हे इंग्रजी कुठल्या देशातलं?"

टेप गळ्यात घालून दाराशी आलेले शिंपी जागीच थिजले. कॅप्टननी घाईघाईने स्कॉटिश काढला. पाहुणा म्हणाला, हॉलंड का? ऑस्ट्रेलियन काढला. पाहुण्याने डोकं खाजवलं. अमेरिकन आजोबांना तर त्याने सरळ रशियात नेऊन सोडलं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्हाला बनवलंत?" शिंपी म्हणाले.

"मास्तर, शपथेवर सांगतो, ते असेच बोलायचे." मग कॅप्टन लेकीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"तिकडे गेल्यावर कळलं," लेक हळूच म्हणाली. "तसं कुणीच बोलत नाही बाबा. पण तुम्हाला कसं सांगायचं?"

बोलता येईना तेव्हा हातांना काम लावायचं, हा कॅप्टनचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी पाहुण्याला खुणेने खुर्चीत बसवलं, कापड गळ्याशी बांधलं, ब्रश फिरवून कानापासून कानापर्यंत फेस चढवला. वस्तरा कपाळाला लावला, उघडला आणि दोन बोटांनी पाहुण्याची हनुवटी वर केली.

उघड्या वस्तऱ्याखाली तो कधी बसला नसावा. भेदरलेला माणूस करतो तेच त्याने केलं, बोलत सुटला. पण मान मागे, ओठांवर फेस, जबडा हलवायची सोय नाही. शब्द सगळे घशातून, गडगडत.

शिंपी उडालेच. "अहो, हा तर आपला गवई!"

वस्तरा हवेत थांबला. कॅप्टननी डोळे मिटून ऐकलं. तोच! अगदी तोच, मधल्या आवंढ्यासकट. लेकीला आधी उमगलं आणि तिला हसू आवरेना. "बाबा, तुम्ही त्यांना फेसाशिवाय बोलताना कधी ऐकलंत?"

"फेसाशिवाय? वरच्या मजल्यावर जायची आम्हाला परवानगी कुठे होती? माझ्याकडे जो आला, तो फेसातच बोलला," कॅप्टन म्हणाले, आणि मग स्वतःच खुर्चीच्या पाठीला धरून हसायला लागले. लेकीने पाहुण्याला सगळं समजावलं, तसा फेसाच्या आत तो हसून गदागदा हलायला लागला.

"हलू नको रे बाबा!" कॅप्टन ओरडले, तेही मराठीत, आणि पाहुण्याला ते बरोबर कळलं.

दाढी गुळगुळीत झाली. तुरटी फिरवल्यावर पाहुणा उठला, कॅप्टनना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल ओढून घेतलं. आपल्या ओठांकडे बोट दाखवून तो एकेक शब्द सावकाश म्हणाला. कॅप्टनही त्याच्यामागून म्हणाले, लहान मुलासारखे, मान खाली, तोंड पूर्ण उघडून. त्या दिवशी दुपारपर्यंत गिऱ्हाइकांनी बाकावर वाट पाहिली आणि कुणी कुरकूर केली नाही.

आता जावई दर आठवड्याला फोन करतो आणि दोघं हवेबद्दल, लाकडाबद्दल, लेकीच्या हट्टाबद्दल बोलतात. कॅप्टनचं आयरिश इतकं सुधारलंय म्हणे, की जावयाच्या आईने फोनवर त्यांना आपला दीर समजून चांगलं फैलावर घेतलं.

बाजारात मात्र ते चालत नाही. परवा कॅप्टननी मोठ्या हौसेने दुकानात नवा आवाज ऐकवला. शिंपी मान हलवून म्हणाले, "नाही कॅप्टन, हा काही खरा वाटत नाही. तुमचा तो जुना आयरिश काढा."

कॅप्टननी एकदा आरशाकडे बघितलं. मग मान मागे टाकली आणि डोळे अर्धे मिटले.