आईच्या शेळ्या आणि माझं अपडेट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी काय करून बसलो ते ऐकल्यावर तुम्ही मला शिव्याच घालणार. आईच्या सगळ्या शेळ्या मी एका बोटानं घालवल्या. एका बोटानं!

आमचं घर घोटावड्यात. खऱ्या शेळ्या होत्या तेव्हा आई दिवसभर माळावर असायची. माळाचे प्लॉट पडले, चराई संपली, शेळ्या विकाव्या लागल्या. आई नुसती बसून राहायला लागली, म्हणून मी तिला माझ्या व्हिडिओ गेममध्ये शेती करायला शिकवलं. तिनं काय करावं? पीक नाहीच, नुसत्या शेळ्या! ढवळी, मोरी, बांडी, नावंसुद्धा जुनीच.

परवा रविवारी टीव्हीवर गेमची पाटी आली, 'अपडेट करा.' आई अंगणात होती. म्हटलं, फुकट मिळतंय, सोडा कशाला? दाबलं!

आई येऊन बसली. "आरं, ढवळी कुटं हाय?"

कुठली ढवळी! जुना गेम पुसून त्याच जागी नवा बसलेला. चकाचक ट्रॅक्टर, वर ड्रोन, आणि कोपऱ्यात दुकान. शेळी हवी? वेगळे पैसे भरा!

आईनं थेट मामाला फोन लावला. "समद्या गेल्या रं! ह्यानंच घालवल्या!"

आता मामा राहतो पार धरणापलीकडं. आई त्याला फोनवर सांगायची, मोरी व्याली, बांडी लंगडतीय. तो बिचारा समजला, आक्कानं पुन्हा शेळ्या घेतल्या! दुपारी टेम्पो दारात. मामा, काठ्या घेतलेले दोघं, आणि मागं, शेळ्या सापडल्या तर त्यांच्यासाठी शेवरीचा पाला.

मामानं माझी कॉलरच धरली. "कुनाला इकल्यास? नाव सांग!"

"मामा, विकल्या नाहीत. अपडेट केल्या."

"त्यो कुटला खाटीक?"

शेवटी त्याला टीव्ही दाखवला. मामानं टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बाहेरच्या पाल्याकडं.

मी गेमवाल्यांना फोन लावला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, "सर, जुना गेम परत मिळणार नाही. तुम्ही गेम नाही, फक्त वापरायची परवानगी घेतली होती."

मामानं फोन हिसकावला. "पैसं मोजून घेतल्यालं आमचं न्हाई? आन् आमच्या गोठ्यात शिरून जनावरं बदलायला तू कोन रं?"

फोन कट!

आई पदरानं डोळे पुसत होती.

तेवढ्यात सूस गावात राहणाऱ्या ताईचा फोन. बातमी तिथवर गेलेली! "अरे वेड्या, आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे होती, तेव्हा तूच तिच्या शेळ्या माझ्याकडच्या गेममध्ये कॉपी करून दिल्या होत्यास ना? मी तर त्याला कधी नेटच जोडलं नाही, अपडेट कुठलं होणार!"

सगळे टेम्पोत! ताईनं टीव्ही लावला आणि काय सांगू, हिरवं कुरण, कुंपणाजवळ ढवळी, मागं लंगडणारी बांडी. आई टीव्हीला हात लावून हसली. माझा जीव भांड्यात पडला. मामा म्हणाला, "आक्का, मोरी लई गुटगुटीत हाय गं!"

संध्याकाळी मी म्हटलं, "चल आई, निघू."

"मी हितंच ऱ्हाते चार दिस. शेळ्यांपाशी."

"अगं, मग माझ्या जेवणाचं काय?"

आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "तुजं काय? तुला मोकळा सोडला तरी चरतोस!"