सोसल्याचा शाळिग्राम

सोसले गावातला मठ पाहून परतताना नदीकाठी मला शाळिग्राम सापडला, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. काळा, गुळगुळीत, मुठीएवढा, आणि मधोमध एक निळी रेघ.

"शाळिग्राम गंडकीत मिळतात," बायको म्हणाली.

"एखादा वाट चुकला असेल," मी म्हणालो. ती रेघ म्हणजे देवाचं जानवं, हा शोधही माझाच.

विजयनगर वसाहतीतल्या आमच्या घरी, देवघरात तीन महिने बायको रोज त्याला दुधानं आंघोळ घालायची, तुळस वाहायची. माझ्याकडे काम एकच, पाहुण्यांना गोष्ट सांगणं.

मग भूशास्त्र शिकणारी आमची मुलगी सुट्टीला आली. तिनं दगड उचलला आणि नखानं ती रेघ उचकटली.

"बाबा, ही नायलॉनची दोरी आहे."

कुणीतरी काठावर शेकोटी केली असणार. प्लॅस्टिक वितळलं, त्यात वाळू नि खडे अडकले, पुढे नदीनं घासून गुळगुळीत केलं. असे दगड पृथ्वीवर पूर्वी नव्हतेच म्हणे. माणसानं पृथ्वीच बदलून टाकली ते 'माणसाचं युग' नेमकं कधी सुरू झालं, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. कुणी पहिल्या शेतीपासून धरतं, कुणी कोळशाच्या इंजिनापासून, तर कुणी अणुबाँबच्या धुळीपासून.

"हा गाळात गाडला गेला ना," ती म्हणाली, "तर लाखो वर्षांनीसुद्धा कळेल, इथे आपण होतो."

मी तो परत हातात घेतला. आमच्या शहराजवळच्या चामुंडी टेकडीचा खडक व्हायला किती काळ लागला, हे माझ्या डोक्यात मावतही नाही. आणि हा एका संध्याकाळी झाला, कणसं भाजता भाजता, माझ्यासारख्याच कुणाच्या तरी सहलीत. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला त्याच्यापुढे मनापासून हात जोडावेसे वाटले.

बायकोनं मात्र दुधाची वाटी उचलून आत नेली. तिची तीन महिन्यांची पूजा मी अशी हास्यास्पद करून ठेवली होती. पूजलेली वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. मी गुपचूप दगड पिशवीत घातला आणि चपला चढवल्या.

"कुठे निघालात?" बायकोनं विचारलं.

"नदीवर. विसर्जन करून येतो."

मुलीनं कपाळाला हात लावला. बायकोनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि दगड होता तिथे परत ठेवला.

"लाखो वर्षं टिकणार म्हणते ना ती? मग नदीच्या गळ्यात कशाला बांधता? माणसांनीच केलाय, माणसांच्या घरात राहील. आणि अहो, उद्यापासून त्याची आंघोळ तुमच्याकडे. दूध नाही, नळाचं पाणी."