प्लीहेचं काम

डॉक्टर चारुदत्त देवस्थळींनी अमेरिकेत, एडिसनमध्ये सर्जन म्हणून आयुष्य काढलं. मुलगी अनया चिनी वैद्यक शिकायला गेली, तेव्हा ते महिनोन्‌महिने तिच्याशी धड बोलले नव्हते. पण पत्नी गेल्यावर त्यांची भूकच मेली. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, तेव्हा ते अनयाच्या क्लिनिकमध्ये गेले.

नाडी पाहून ती म्हणाली, "बाबा, तुमची प्लीहा थकलीय."

"मी कितीतरी पेशंटची प्लीहा काढलीय. तिच्यावाचून माणसं व्यवस्थित जेवतात."

"तो तुमच्या शास्त्रातला अवयव. आमच्याकडे प्लीहा म्हणजे एक काम, अन्न पचवायचं आणि विचारही. तुम्ही सारखा कसला विचार करता?"

ते म्हणाले, "जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीचा."

त्या संध्याकाळपासून अनया त्यांच्याकडे जेवायला येऊ लागली. प्लीहेचं त्यांना अजून पटलेलं नाही, पण भात ते पुन्हा मागून घेतात.