काळ्या लाकडावरचं ओलं फडकं

किकवीच्या अलीकडे हायवेला लागून मिस्त्रींचं लेथवर लाकूड गोल कातायचं पत्र्याचं शेड आहे. खाटेचे खूर, लाटणी, पाळण्याचे दांडे, एवढ्यावर ते चालायचं. आता खाटा लोखंडी झाल्या, लाटणीही बाजारात तयार मिळतात. मी नांदेडकडचा, सातवीत शाळा सोडलेला. कुठंच थारा नव्हता तेव्हा मिस्त्रींनी मला लेथवर उभं केलं, घरच्या पंगतीत बसवलं. त्यांचे उपकार आठवतच रोज आडवा व्हायचो, पण झोप लागायची नाही. शेड बंद पडलं तर जायचं कुठं?

अशात भाटघर धरणाच्या पाण्याकडेला बंगला बांधणारे एक साहेब टेम्पोतून आफ्रिकेतलं काळं लाकूड घेऊन आले. जिन्याचे खांब कातायचे होते.

"एक करून दाखवा. जमलं तर सगळा जिना तुमचाच."

मिस्त्रींनी एक ओंडका उचलून बघितला. "लाकूड हाय का वरवंटा?"

वरवंटाच होता. पटाशी टेकली की किंचाळायची, धार लगेच मरायची. ढलप्या निघतच नव्हत्या, नुसती काळी भुकटी. थुंकलं तरी काळं. मी धार लावून देत होतो, मिस्त्री जरा जरा पुढं सरकत होते. दिवस कलता कलता खांबाचा गळा, मणी, बैठक, सगळं उतरलं. पॉलिशपेपर मारून झाला तेव्हा खांबाला हात लावता येत नव्हता, एवढा तापलेला. आणि मिस्त्रींनी त्यावर ओलं फडकं फिरवलं. बाभळीला आम्ही तसंच करतो. ओलं केलं की लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, वाळल्यावर पुन्हा पेपर मारला की आरशागत होतं. जन्माची सवय, हात आपसूक गेला.

बारीक तट् असा आवाज आला. मण्यापासून बैठकीपर्यंत केसाएवढी रेघ.

"सरसात भुकटी कालवून भरू का?" मी म्हणालो. "दिसायचं नाही."

"दिसायचं न्हाई रं. पन एखाद्या म्हाताऱ्या मानसानं त्योच खांब धरला तर?"

साहेब आले तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच रेघेवर बोट ठेवलं. साहेब रागावले नाहीत. "राहू द्या मग," म्हणाले आणि उरलेले ओंडके टेम्पोत चढवायला लावले.

मिस्त्रींनी लेथचा पट्टा उतरवला. "तू शिरवळला जाऊन बघ. कंपन्यांत मानसं घेत्यात."

सकाळी सारोळ्यापर्यंत एका दुचाकीच्या मागं बसून गेलो, नीरेचा पूल चालत ओलांडला. पहिल्या गेटवर विचारलं, "दहावी?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग कशाला आलास?" पुढच्या गेटवरही तेच. तिथूनच मागं फिरलो.

परतलो तेव्हा मिस्त्रींच्या मंडळी, आमच्या काकू, ताटं वाढत होत्या.

"घेतलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं. तितं तुला भाकरी कोन थापनार हुतं?"

काकू हसल्या नाहीत. "हात धुऊन ये, बाळा," एवढंच म्हणाल्या.

मी जेवलो. मला जायला दुसरी जागा नाही हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठेवून घ्यायला आता काम नाही हेही.