गळलेली ओळ

घरमालक मंडळी त्यांना ‘भोंगा’ म्हणत. हे कानावर आलं तेव्हा काकूंना राग येण्याऐवजी भलताच आनंद झाला. ‘भोंगा वाजला की झोपलेले उठतात, त्यात वाईट काय?’ असं म्हणून त्यांनी ते नाव पदवीसारखं मिरवायला सुरुवात केली. भाडेकरू मात्र त्यांना काकूच म्हणतात. आपणही काकूच म्हणू, कारण बाई चांगल्या खमक्या आहेत आणि त्यांच्याशी पंगा घ्यायची माझी छाती नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते सहा, काकू बसतात. एक टेबल, तीन खुर्च्या, एक टाचणयंत्र. फी नाही. कुणाचं पाणी तोडलेलं असतं, कुणाला महिन्याभरात निघ म्हणून दम दिलेला असतो, कुणाच्या खोलीला मालकाने परस्पर दुसरं कुलूप लावलेलं असतं. माणूस रडत आला तरी काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘कागद कुठाय?’ आणि कागद निघाला की लगेच, ‘मोठ्यानं वाचा.’ कुणी मनातल्या मनात ओठ हलवायला लागलं की टेबलावर थाप पडते. ‘मला ऐकू आलं पाहिजे!’

ही सवय छापखान्यातली. तीस वर्षं काकूंनी तिथे मुद्रितं तपासली. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविराम आला तर ‘स्वल्पविराम’ असं तोंडाने म्हणायचं, पूर्णविरामही तसाच. छापखान्यातली सगळ्यांत वाईट चूक म्हणजे ओळ गळणे. एखादं अक्षर चुकलं तर वाचणारा हसतो आणि पुढे जातो. अख्खी ओळ गळली तर मात्र कुणाला पत्ता लागत नाही, कारण वरचं वाक्य खालच्या वाक्याला कसंबसं जाऊन चिकटतं.

पण हे सगळं आपण छापखान्यात शिकलो असं काकू सांगतात, ते अर्धंच खरं आहे. त्या बारा वर्षांच्या असताना मालकाचा माणूस त्यांच्या दारात आला होता. आई धुणं धूत होती, हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. खोलीला रंग द्यायचाय, पंधरा दिवस कुठेतरी राहा, असं म्हणत त्याने उभ्या उभ्या कागद वाचून दाखवला. त्याच्या कोपराशी उभी राहून पोरगी कागदावर नजर ठेवून होती, आणि वाचता वाचता त्याने मधली एक ओळ गाळलेली तिने पाहिली. ताबा कायमचा सोडल्याची ओळ. तिला शब्द न् शब्द कळला होता. पण मोठी माणसं बोलत असताना तोंड उघडायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं होतं की ती गप्प राहिली. आईने हात पुसून सही केली. पंधरा दिवसांनी मायलेकी परतल्या तर त्यांच्या खोलीत दुसऱ्याच बिऱ्हाडाची खाट होती. पुढची सगळी वर्षं आईने भावाच्या घरी एका कोपऱ्यात काढली आणि तिथेच ती गेली. ओळ आपल्याला दिसली होती, हे काकूंनी आईला कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या कुणालाही नाही.

तर गेल्या वर्षी एका मंगळवारी इस्त्रीवाली आली. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी, मनगटावर भाजल्याचे जुने डाग, आवाज इतका बारीक की काकूंना पुढे वाकावं लागलं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. छताचा गिलावा दोन वर्षं पडत होता आणि दोन वर्षं मालक बहिरा होता. आता अचानक त्याचा मॅनेजर गोड बोलायला लागला होता. आठ दिवस मालकाच्या दुसऱ्या इमारतीत राहा, छत नवं करून देतो, गुरुवारी अकराला फक्त सही करा. कागदाचा फोटो तिने मोबाइलवर काढून आणला होता, तेवढं शहाणपण तिच्यापाशी होतं.

‘मोठ्यानं वाच.’

तिने वाचलं. काकू शेजारून पडद्यावर नजर ठेवून होत्या.

‘थांब. ओळ गाळलीस. आता बोट ठेवून वाच. विरामचिन्हांसकट.’

दुसऱ्या खेपेला ती ओळ तिच्या तोंडून निघाली आणि चेहरा पांढराफटक पडला. ‘मी स्वखुशीने खोलीचा ताबा कायमचा सोडत असून, पुन्हा मागणी करणार नाही.’

‘सासूला घेऊन मी जाऊ कुठे?’ ती म्हणाली. ‘सही करत नाही म्हणून सांगते त्याला.’

‘सांग ना. मग तो शेजारच्या दारावर जाईल. बिऱ्हाडं किती आहेत तुमच्याकडे?’

‘अकरा.’

‘सगळ्यांनाच आठ-आठ दिवस?’

हा हिशेब तिच्या डोक्यात आलाच नव्हता.

‘त्याला घरात घेऊ नकोस,’ काकू म्हणाल्या. ‘जिन्यात उभा कर आणि मोठ्यानं वाचायला लाव. शेजाऱ्यांना सांगून ठेव, अकराला दारं उघडी ठेवा म्हणावं.’

‘माझा आवाजच फुटत नाही हो, काकू.’

‘मी येते ना. तू नुसती उभी राहा.’

गुरुवारी काकू निघाल्या त्या थाटात, चष्मा पुसून, पिशवीत दोन पेनं टाकून. पण इमारतीला लिफ्ट नव्हती आणि गुडघ्यांचा विचार कुणी घेतलेलाच नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वर दोन पायऱ्या चढल्या आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. बाई मटकन पायरीवर बसल्या. त्यात तो मॅनेजर पंधरा मिनिटं आधीच हजर झालेला. वरून त्याचा आवाज येत होता, तुपात घोळवलेला.

‘ताई, एवढी सही करा की झालं. खाली टेम्पो थांबलाय.’

वर कागद सळसळला. काकूंनी ओरडायला तोंड उघडलं, पण तीन जिने ऐकू जाणाऱ्या त्या भोंग्यातून नुसती शीळ निघाली. छाती भात्यासारखी हलत होती. आता ही पोर सही करणार, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. दुसऱ्यांदा कुणीतरी सही करणार होतं आणि दुसऱ्यांदा त्या मुक्या होत्या.

‘मोठ्यानं वाचा,’ वरून बारीक आवाज आला.

‘काय?’

‘सगळं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.’

कडी वाजली, मग दुसरी. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा कानाला हात लावून दारात आले. मॅनेजर हसला आणि पाठ म्हटल्यासारखा भराभर वाचत सुटला. शेवटाला पोचून म्हणाला, ‘झालं? करा सही.’

काकूंनी कठडा धरून उठायचा प्रयत्न केला. गुडघा हलेना.

‘मधली ओळ गळली,’ इस्त्रीवाली म्हणाली.

‘कुठली ओळ?’

‘तुमच्या अंगठ्याखालची. काढा अंगठा, मी वाचते.’

आणि तिने वाचली. आवाज पहिल्या दोन शब्दांना कापला, मग सरळ झाला. ‘मी स्वखुशीने खोलीचा ताबा कायमचा सोडत असून स्वल्पविराम पुन्हा मागणी करणार नाही पूर्णविराम!’ तो पूर्णविराम तळमजल्यापर्यंत ऐकू गेला.

‘अरे, माझी सही घेतलीस की तू सोमवारी!’ आजोबा ओरडले. ‘मला ही ओळ कुठे वाचून दाखवलीस?’

‘ताई, तुम्ही उगाच सगळ्यांना भडकवताय. तुम्ही कोण असं विचारणाऱ्या?’

‘या खोलीत नऊ वर्षं राहणारी. काम कधी सुरू करणार, कधी संपणार आणि आम्ही याच खोलीत परत कधी येणार, ते तारखेनिशी लिहून आणा. मग करते सही. तोवर मी आणि माझी सासू इथून हलत नाही.’

‘मालक चिडतील.’

‘मग त्यांनाच पाठवा. तेही मोठ्यानं वाचतील.’

कुणीतरी वरच्या मजल्यावरून खदखदून हसलं. मॅनेजर फाइल काखेत मारून तरातरा खाली आला, तर वाटेत काकू.

‘सरका.’

‘गुडघे धरलेत. ओलांडून जा.’ एव्हाना काकूंचा श्वास जागेवर आला होता.

अख्ख्या इमारतीदेखत त्याने काकूंच्या पिशवीवरून एक पाय टाकला, कठडा पकडला, दुसरा पाय टाकला आणि गेला. काकूंनी मान वळवून आजोबांना सांगितलं, ‘उद्या चार वाजता या. तुमच्या कागदाची प्रत घेऊन. सोपं नाही, पण लढू.’

मग इस्त्रीवाली खाली आली. डोळ्यांत राग होता. ‘तुम्ही येणार होतात, काकू! मी एकटी होते तिथे.’

‘आले की. इथवर.’

‘ऐकलंत तरी?’

‘शब्द न् शब्द.’

तेव्हा तिला दिसलं की काकू रडताहेत. तिचा राग तिथेच विरघळला. ‘काय झालं? माझं काही चुकलं का? काही वाचायचं राहिलं?’

‘तुझं नाही राहिलं ग,’ काकू पुटपुटल्या. ‘आमच्या दारातही असाच एक जण आला होता. आई सही करत होती आणि ओळ मला...’

इस्त्रीवाली पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. वर-खाली सगळी दारं अजून उघडीच होती.

‘मोठ्यानं सांगा, काकू,’ ती म्हणाली.