कावडीला बांधलेला धोंडा

फोटोग्राफरच्या दोन पेट्या मी एकदा वाण्याच्या तागडीत तोलून घेतल्या होत्या. एक भरली नऊ शेर, दुसरी सात शेर. हे आकडे मला अजून पाठ आहेत, कारण त्या दिवशी एका माणसाला मी जवळजवळ कोठडीत घातले होते, आणि या आकड्यांनीच माझा हात धरला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. भोरचे संस्थान अजून विलीन व्हायचे होते आणि मी वेल्हे ठाण्यावर फौजदार होतो. एका सकाळी शिपायांची हजेरी घेऊन डायरी लिहायला बसलो, तोच पाली गावचे पोलीस पाटील दारात उभे. त्यांच्याबरोबर किकवीकडचे एक वयस्कर शेतकरी होते. आदल्या दिवशी पालीत लग्न झाले होते आणि हे त्यातल्या नवऱ्या मुलाचे वडील.

"सायेब, सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली," ते म्हणाले. "पंधरा तोळ्यांची. माझ्या आईच्या गळ्यातली. लगीन लागलं, फोटू काढलं, जेवणं झाली, आन् सुनंच्या गळ्याकडं बघतोय तर माळ न्हाई."

"सून कुठं आहे?"

"माहेरीच. माळ घावल्याबिगर तुझी पोरगी न्ह्यायची न्हाई, असं म्या तिच्या बापाला तोंडावर सांगितलंय."

पोलीस पाटलांनी मान खाली घातली. अक्षता पडलेली मुलगी माहेरच्या उंबऱ्याआत राहिली तर खेड्यात काय बोलतात, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होते.

"संशय कुणावर?"

"त्या फोटूवाल्यावर. हात धुतलं न् लगीच पेट्या बांधल्या त्यानं. मुक्कामाला ऱ्हा म्हणलं, तर नजर वर करंना."

फिर्याद लिहून घेत होतो, तेव्हा माझा हवालदार कानाशी आला. जुना माणूस. लिहिता येत नव्हते, पण रस्त्यावरून गेलेले जनावरसुद्धा त्याच्या ध्यानात राही.

"सायेब, त्यो फोटूवाला समोरच्या धर्मशाळंतच हाय. कावडवाल्याचा गुडघा सुजलाय म्हणून अडकलेत. आन् आनखी एक सांगतो. परवा जाताना त्येंनी हितं पाणी पिलं. तवा कावड सरळ व्हती. काल येताना एका पेटीला नारळायेवढा धोंडा बांधल्याला."

हा सुगावा मला पक्का वाटला. कावड दोन्ही बाजूंना सारखी लागते. धोंडा बांधावा लागला, म्हणजे विरुद्ध बाजू जड झाली. जड झाली, म्हणजे पेटीत काहीतरी आले.

दोन पंच बोलावले आणि दोघांना ठाण्यात आणले. फोटोग्राफर भोरचाच, तिशीतला. कोट स्वच्छ, पण बटणे वरखाली लागलेली. कावडवाला साठीच्या पुढचा, लंगडत आला. सामान काय आणि कसे नेतात, ते आधी विचारून घेतले. एका पेटीत कॅमेरा आणि त्याची भिंगे. दुसऱ्या पेटीत काचा. त्या काळी फोटो काचेवर घेत. कॅमेऱ्याचे तीन पायांचे लाकडी तिकाटणे फोटोग्राफरच्या स्वतःच्या खांद्यावर. काचेची पेटी बैलगाडीत कधी ठेवायची नाही, धक्क्याने काचा तडकतात. म्हणून कावड, आणि उन्हाचा ताप लागू नये म्हणून पेटीभोवती काळे कापड.

कॅमेऱ्याची पेटी त्याने मुकाट्याने उघडली. पंचांसमोर वस्तू एकेक काढली, अस्तर चाचपले. काही नाही.

"आता दुसरी."

तो पेटीवर ओणवा झाला. "साहेब, ही उघडता येणार नाही. उजेड लागला की काचा गेल्या. सगळं लग्न पुसलं जाईल."

बोलणे खरे होते, पण कपाळाला घाम होता. बावीस वर्षांच्या नोकरीत मी तसा घाम पुष्कळ पाहिला होता. दोघांना वेगळे केले. कावडवाल्याला आधी घेतले.

"धोंडा कशाला बांधला?"

"खांद्याला बरं पडतं."

"जाताना बरं पडत नव्हतं?"

"जाताना खांदा निराळा, येताना निराळा, म्हाराज."

"गुडघ्याला काय झालं?"

"म्हातारपण."

फोटोग्राफरला तेच विचारले, तर म्हणाला की वाटेत सामान खपले. काय खपले, विचारले तर कोटाची बटणे चाचपू लागला. चार फोटो काढले म्हणाला. फोटो काढल्याने काचेचे वजन कमी होते का? नाही म्हणाला. प्रत्येक उत्तरासरशी माझा संशय घट्ट होत गेला. हवालदाराने कोठडीची किल्ली काढून मेजावर ठेवलीसुद्धा.

पण मला आकड्यांची खोड आहे. कागदावर वजन लिहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही. शेजारच्या वाण्याची तागडी मागवली. कॅमेऱ्याची पेटी नऊ शेर. काचांची सात. धोंडा बरोबर दोन शेर, आणि तो काचांच्या पेटीला बांधलेला.

कागदावरचे आकडे मी पुन्हा जुळवून पाहिले. दोन पक्के शेर म्हणजे एकशे साठ तोळे. माळ पंधरा तोळ्यांची. पंधरा तोळ्यांसाठी एकशे साठ तोळ्यांचा धोंडा कोण बांधील? शिवाय कॅमेऱ्याच्या पेटीतले सगळे सामान तर समोर मांडलेले होते. ती जड झालीच नव्हती. काचांची पेटीच दोन शेरांनी हलकी झाली होती. मी सकाळपासून हिशेब उलटा धरून बसलो होतो.

बाकीच्यांना बाहेर जायला सांगून मी त्याला विचारले, "पेटीतून काय काढलंत?"

त्याने पेटीवरचा हात काढला. "काचा," म्हणाला. "डझनभर. जाताना ओढ्यात म्हाताऱ्याचा पाय घसरला आणि पेटी खडकावर आली. एक काच धड राहिली नाही. गुरांच्या पायात जातील म्हणून खड्डा करून पुरल्या."

"मग फोटो?"

"काढलेच नाहीत, साहेब. लढाईमुळे पुण्यातही काचा मिळत नाहीत. मांडवात गेलो तर नवरीचे वडील पुढं आले, हाताला धरून आत नेलं. सांगायचं तोंड झालं नाही. रिकाम्या चौकटी घालून कॅमेरा मांडला, भिंगाचं झाकण काढलं, एक-दोन-तीन म्हटलं. चार वेळा. पुढं सांगणार होतो की औषधात धुताना काचा बिघडल्या."

"आणि माळ?"

"माळ फोटोसाठी फिरत होती. आधी नवरीच्या गळ्यात, मग करवलीच्या, मग ज्या बाईचा फोटो तिच्या. फोटोत गळा मोकळा नको म्हणून. शेवटी सात-आठ जणी एकत्र बसल्या. तेव्हा कुणाच्या गळ्यात होती, विचारू नका. मी काळ्या कापडाखाली डोळे मिटून उभा होतो."

वराच्या वडिलांना माळेच्या या फेऱ्यांचा पत्ता नव्हता, आणि सासरचा दागिना फिरवला म्हणून एकही बाई तोंड उघडत नव्हती. मला एक युक्ती सुचली. काचांची पेटी फोटोग्राफरने मला उघडून दाखवली, आत नुसत्या रिकाम्या चौकटी. ती पुन्हा बंद केली; आत काय आहे ते मला, त्याला आणि कावडवाल्यालाच ठाऊक. दुपारच्या आत सगळ्यांना घेऊन पाली गाठली. पोलीस पाटलांनी मांडवात बायकांना बसवले आणि मी म्हणालो, "या पेटीतल्या काचा भोरला धुवायला जातील. माळ शेवटी कुणाच्या गळ्यात होती, ते काचेवर उतरलं असेल तर दिसेल." शब्दाने खोटे नव्हते, हेतूने होते. तेवढी टोचणी मला तेव्हाही लागली.

पेटी ओट्यावर ठेवून फोटोग्राफरला तिच्याशेजारी बसवले आणि मी दाराआड उभा राहिलो. बायका लांबूनच पेटीकडे पाहत होत्या. थोड्या वेळाने नवरीची मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली. अंगावर काळ्या मण्यांखेरीज दागिना नव्हता. तांब्या ठेवूनही ती जाईना.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पदराखालचं बी उतरतं का वो काचंवर?"

मी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात फोटोग्राफर बोलला. त्याने नुसती मान डोलावली असती तरी माझे काम झाले असते.

"मावशी, माझ्या काचेवर काही उतरलेलं नाही. काचाच नाहीत. फुटल्या, आणि मला सांगायची लाज वाटली."

मी कपाळावर हात मारला. युक्ती गेली. पण मावशी जागची हलली नाही. एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले.

"माझं बी तसंच झालं रं दादा," ती म्हणाली. "फोटू झाला तरी म्या ती काढली न्हाई. म्हणलं, घटकाभर ऱ्हाऊ दे अंगावर, जन्मात कदी गळ्यात पडली नव्हती. तेवढ्यात गलका झाला, चोर चोर म्हणाया लागले. मग कशी काढू?"

आणि तिने पदराखालून माळ काढून ओट्यावर ठेवली. एकोणतीस पुतळ्या. मी मोजल्या.

वराच्या वडिलांना मी एवढेच सांगितले की फोटोसाठी जिच्या गळ्यात घातली होती तिच्याच अंगावर राहून गेली, आणि भीतीने तिला देता आली नाही. नाव सांगितले नाही. ते थोडा वेळ गुरगुरले. मग त्यांनी माळ सुनेच्या हातात दिली आणि फिर्याद मागे घेत असल्याचा जबाब लिहून दिला.

फोटोग्राफरने वधूपित्यासमोर हात जोडून स्वतःच सगळे सांगितले. त्यांचा हात डोक्यावरच्या पागोट्याकडे गेला.

"म्हंजी आमी पागुटं नीट करून, दम कोंडून बसलो व्हतो, ते कुणाम्होरं?"

"रिकाम्या खोक्याम्होरं," नवऱ्या मुलाच्या आई म्हणाल्या. "माझी तर मान अवघडली वो!"

एवढा वेळ खाली बघत बसलेली नवरी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "बरं झालं. त्येनं तीन म्हणताना माझं डोळं मिटलं व्हतं. आता आयुष्यभर तसंच दिसणार म्हणून म्या काल लई रडले."

मांडव हसला. सासराही हसला, आणि हसता हसताच बैल जुंपायला सांगून गेला. उन्हे कलायच्या आत मुलगी सासरी निघाली.

मी पुढे बरीच वर्षे नोकरी केली. संशय घ्यायचे सोडले नाही. ते फौजदाराचे कामच आहे. पण त्या दिवसापासून एक पथ्य पाळले. माणूस घाबरलेला आहे, एवढे त्याच्या चेहऱ्यावरून कळते. तो कशाला घाबरला आहे, ते चेहऱ्यावर लिहिलेले नसते. ती रिकामी जागा आपण आपल्या संशयाने भरून टाकतो. त्या ओट्यावर दोघे घाबरलेले होते आणि दोघांपैकी एकही चोर नव्हता. वेळेवर एक वाक्य बोलायचे राहून गेलेली माणसे होती ती. त्यांचे ते वाक्य माझ्या युक्तीला काढता आले नाही. एकाने आपले सांगितले, तेव्हा दुसरीला आपले सांगता आले.