चेण्याची देवी

यातलं अर्धं माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि खरी गोम त्या उरलेल्या अर्ध्यातच आहे. तुम्हाला सांगतेय. पण एकदम नाही जमायचं — जरा वळसा घालून येते.

गिरगाव सोडून मीरा रोडला येऊन आम्हाला तीनेक वर्षं झाली होती. दोन हजार पाच-सहाचा सुमार. टीव्हीवर पेशवाईतली एक मालिका लागायची. काय वेड होतं म्हणून सांगू! आठ वाजले की बिल्डिंगच्या पाचही मजल्यांवर एकच शीर्षकगीत. समोरच्या गुजराती भाभी तर त्या मालिकेवर मराठी शिकल्या, आणि भाजीवाल्याला 'आज्ञा असावी' म्हणायला लागल्या. आणि एक दिवस ऑफिसात कळलं, की मालिकेतलं गाव वाई-साताऱ्याकडे नाही, आपल्या चेण्याला आहे! काशिमिऱ्यावरून घोडबंदर रोडला लागलं की जेमतेम अर्धा तास. मी चहा तसाच टाकून घरी फोन लावला.

घरी कसला — अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. त्याच आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका जमलेल्या, सगळ्यांचे कान माझ्याकडे. मला आणखी चेव आला. म्हटलं, ते देऊळ आहे ना, ते खरंखुरं पेशव्यांच्या वेळचं आहे, आणि देवी जागृत आहे. कशावरून? कशावरूनच नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. नदीकाठी अख्खं गाव उभं! सारवलेली अंगणं, तोफ, बैलगाडी, आणि पगड्या मांडीवर ठेवून वडापाव खाणारे चार सरदार. कुठे बघू आणि कुठे नको, असं झालं मला. तोफेवर हात ठेवून फोटो काढला. एका सरदाराने तर मला मुजरा केला, आणि मी चाळीस वर्षांची बाई लाजले हो! आणि मग — ते देऊळ. मालिकेतल्या वहिनीसाहेबांनी तिथेच ओटी भरली होती, स्वारीवर गेलेला नवरा परतेपर्यंत पायात काही घालणार नाही असा नवस बोलल्या होत्या, आणि तिसऱ्याच भागात तो घोड्यावरून दारात हजर! मी भक्तिभावाने हात जोडले. राखणीला बसलेले गावातले काका हसायला लागले.

"बाय, पाया कुनाच्या परतेस? मागं येऊन बघ. आत काय न्हाय, निस्ता पुठ्ठा हाय."

मागे खरंच बांबू, प्लायवूड आणि खिळे. देवी फायबरची. मी बोटाने टकटक केलं तर रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मी आणि नवरा पोट धरधरून हसलो.

मग घरी येऊन तेच सगळ्यांना का नाही सांगितलं? सांगायचं होतं. पण जिन्यातच सगळ्यांनी गाठलं — "कसं आहे देऊळ?" — आणि मी म्हटलं, अप्रतिम. एवढंच. पंधरा दिवसांनी सुमो ठरली, आठ बायका. पुढच्या सीटवर मी, वाट दाखवायला! गाणी काय, भेंड्या काय. इतकी खूश मी क्वचितच झाले असेन. काशिमिरा नाका ओलांडल्यावर मागे वळून बघितलं, तर सुलभाताईंच्या मांडीवर पिशवी. पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ.

सुलभाताई आमच्या खालच्या मजल्यावरच्या. एकुलता एक मुलगा वडिलांशी भांडून घर सोडून गेलेला. दोन वर्षं झाली होती, फोन नाही, पत्र नाही. त्या ना गाण्यात होत्या, ना भेंड्यांत. त्या सेट बघायला आल्याच नव्हत्या — एवढं मला त्या क्षणी कळलं. मी पुन्हा पुढे तोंड केलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "आगे से लेफ्ट."

देवळासमोर त्यांनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "माधुरी, देवी जागृत आहे ना गं? तू चौकशी केलीस ना?"

बाकीच्या सहा जणी ऐकत होत्या. मी म्हटलं, "हो तर. गावातलेच लोक सांगतात."

काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या हातात लाडू कोंबला आणि असं काही बघितलं, की ते गप्प झाले. सुलभाताईंना प्रदक्षिणा घालायची होती. मी म्हटलं, मागे नका जाऊ, झाडीत साप असतात. मग त्यांनी समोरूनच ओटी भरली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, चपला काढून झाडाखाली ठेवल्या — आणि तिथेच सोडून अनवाणी सुमोत बसल्या. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही. पण खोटं कशाला बोलू, आत मला आनंदच होता — सहल फक्कड झाली म्हणून! महिनाभर बिल्डिंगमध्ये माझं कौतुक चाललं होतं.

मालिका संपली. सेट उचलला गेला. मुलाचा फोन आला नाही.

मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर सुलभाताई अनवाणी बाजाराला जायच्या. दोनदा मला म्हणाल्या, चल, देवीला पुन्हा एकदा भेटून येऊ. एकदा मी म्हटलं रस्ता खोदलाय, एकदा म्हटलं माझी कंबर धरलीय. देव दगडाचा काय नि फायबरचा काय, श्रद्धा खरी — हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय! छानच आहे वाक्य. पण दगड की फायबर, हे ठरवायची संधी मी त्यांना दिली होती का?

चौथ्या वर्षी त्यांच्या पायात काच गेली. त्यांना साखर होती. जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली.

मी दवाखान्यात डबा घेऊन गेले. त्या शांत होत्या. पायाकडे बघत म्हणाल्या, "माधुरी, ओटी भरताना माझ्या हातून तांदूळ सांडले होते गं. देवीला नसेल आवडलं. माझंच चुकलं असेल, नाही?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "असेल, ताई." आणि डब्यातला वरणभात ताटलीत काढला.